नामिबिया स्वतः गाडी चालवून बघायचाय? मग टायर, टाकी आणि उजेड सांभाळा

नामिबियाहून परत आल्यापासून आठवड्याला एक तरी फोन येतोच, "अगं कुठल्या टूरबरोबर गेला होतात?" टूर वगैरे काही नव्हती. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊबाई, नाशिकहून मुंबई, मुंबईहून इथिओपियातलं आदिस अबाबा, तिथनं नामिबियाची राजधानी विंडहुक, आणि पुढे बारा दिवस भाड्याची गाडी आळीपाळीने आम्हीच चालवली. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय, लांबलं तर लांबलं.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की बसवा. हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आहे, सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, आणि माणसं किती, तर अख्ख्या देशात साधारण ३० लाख. पुण्यात याहून जास्त राहतात. त्यामुळे दोन गावांच्या मध्ये शंभर-दीडशे किलोमीटर काहीही नसतं, टपरी नाही, धाबा नाही, आणि मुख्य म्हणजे पंक्चरवाला नाही. आपल्याकडे कुठेही टायर बसला की पाच किलोमीटरच्या आत झाडाला टायर टांगलेला दिसतो, ती सवय आधी सोडा. खाली जे काही सांगतेय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

कधी जायचं

मे ते ऑक्टोबर कोरडा मोसम. आपल्या शाळांना मे महिन्याची सुट्टी असते आणि नेमका तेव्हा तिथे पाऊस संपून हिवाळा सुरू होत असतो, हा योग सोडू नका. दिवसा स्वेटर लागत नाही, रात्री मात्र लागतो, आणि जून-जुलैत वाळवंटात पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो. "आफ्रिका म्हणजे ऊन" असं म्हणून जाऊबाईंनी फक्त सुती कुडते घेतले होते, मग चार रात्री माझ्या शालीत काढल्या. थर्मल, कानटोपी, मोजे घ्या म्हणजे घ्याच.

फक्त प्राणी बघायचे असतील तर ऑगस्ट ते ऑक्टोबर बेस्ट, कारण रानातलं पाणी आटलेलं असतं आणि सगळे पाणवठ्यावर येतात. पण ऑक्टोबरमध्ये उकाडा चांगलाच वाढतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ते धरून चाला. जानेवारी ते मार्च पाऊस, तेव्हा कोरड्या नद्यांना अचानक पाणी येतं आणि कच्चे रस्ते बंद होतात, पहिल्या ट्रिपला तरी हे महिने टाळा.

विमान, व्हिसा, लस, लायसन्स

भारतातून थेट विमान नाही. आदिस अबाबावरून किंवा जोहान्सबर्गवरून जाता येतं. जोहान्सबर्गचं तिकीट काढताना एक बघा, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत ना आणि बॅगा थेट विंडहुकपर्यंत जाणार आहेत ना. वेगवेगळी तिकिटं काढली तर बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं आणि बाहेर यायला दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. स्वस्तात मिळालं म्हणून वेगळी काढाल आणि तिथेच अडकाल.

नामिबियाचे व्हिसाचे नियम एप्रिल २०२५ पासून बदललेत, त्यामुळे कोणा मित्राचा चार वर्षांपूर्वीचा अनुभव ऐकून जाऊ नका. त्यांच्या गृहखात्याच्या सरकारी पोर्टलवर बघा, काही अडलं तर दिल्लीत त्यांचं हाय कमिशन आहे. जायच्या आधीच अर्ज करून कागद हातात घ्या. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे सहा महिने चालणारा हवा, दोन-तीन कोरी पानं हवीत. बरोबर १८ वर्षांखालची मुलं असतील तर आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला घ्या. आपल्या महापालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, तो चालतो. आईवडिलांपैकी एकच जण जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही घ्या.

यलो फीव्हरची भानगड अशी की इथिओपिया, केनिया अशा देशांतून येणाऱ्यांना नामिबियात लसीचं कार्ड मागतात. नुसतं विमान बदलायला थांबलात आणि १२ तासांच्या आत निघालात तर लागत नाही. पण विमान लेट झालं की ते बारा तास कधी उलटतात कळत नाही, म्हणून आम्ही सरळ सरकारमान्य केंद्रावर जाऊन टोचून घेतली. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि कार्ड आता जन्मभर चालतं. मलेरिया देशाच्या उत्तर भागात असतो, जास्त करून पावसाळ्यात, गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

लायसन्स आपलं चालतं पण सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या. आरटीओचं काम सारथी पोर्टलवरून सुरू होतं, फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष, आणि पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या कॉपी मागतात, म्हणून व्हिसा झाल्यावरच ते करा. जे जे गाडी चालवणार त्या सगळ्यांचं काढा. बरं, गाडी तिथेही डाव्या बाजूनेच चालते, स्टिअरिंग उजवीकडे. हा केवढा मोठा दिलासा आहे ते तिथे गेल्यावर कळतं.

गाडी: इथे कंजूषपणा नको

सगळ्यात जास्त पैसे गाडीवर जातात आणि जाऊ द्यावेत. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली, डबल कॅब पिकअप घ्या, टोयोटा हायलक्स जातीची, टपावर दोन तंबू, मागे फ्रीज, गॅस, भांडी, खुर्च्या असं सगळं येतं. साध्या गाडीने मुख्य ठिकाणं होतात, होत नाहीत असं नाही, पण खडीवर ती इतकी हादरते की संध्याकाळी दात मोजावे लागतात. मे-जूनसाठी चार-पाच महिने आधी बुक करा, जुलै-ऑगस्टसाठी त्याहून आधी, कारण तेव्हा युरोपातली सगळी मंडळी येतात.

बुक करताना काय विचारायचं? स्टेपन्या किती देता. दोन हव्यात. इन्शुरन्समध्ये टायर आणि काच धरलीय का. एकट्या गाडीचा अपघात झाला, म्हणजे दुसऱ्या गाडीला न धडकता आपणच पलटलो, तर पैसे कोणाचे. हा प्रश्न विचाराच, कारण तिथे टुरिस्टांचे अपघात बहुतेक असेच होतात, आणि बऱ्याच करारांत नेमकं हेच बारीक अक्षरात वगळलेलं असतं. गाडीत ट्रॅकर असतो, ठरलेल्यापेक्षा जोरात पळवलीत तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. डिपॉझिटला गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका, दीड-दोन तास धरा. चारही बाजूंनी मोबाईलवर व्हिडिओ काढा, काचेवरचे टिचके त्यांच्या कागदावर लिहून घ्या. आणि जॅक, पान्हा, जॅकचा दांडा नुसता "आहे ना" असं विचारू नका, बाहेर काढून बघा. आम्हाला मिळालेल्या गाडीत जॅक होता, दांडा होता, पण पान्हा नटावर गोल फिरत होता, साइझच चुकीचा. भावजींनी लावून बघितला म्हणून कळलं, नाहीतर पुढची गोष्ट वेगळीच झाली असती. टायरमधली हवा मोजायचं मीटर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप मागून घ्या, आणि तंबू एकदा तिथेच उघडून-मिटून बघा.

पैसे, सिम, प्लग

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकास एक बांधलेला आहे आणि नामिबियात रँड सगळीकडे घेतात. इथे फॉरेक्सवाल्याकडे नामिबियन डॉलर मिळत नाहीत पण रँड मिळतात, साधारण पाच रुपयांच्या आसपास एक. म्हणून इथून थोडे रँड घेऊन जा, बाकी तिथे कार्ड आणि एटीएम. एक लक्षात ठेवा, उलटं चालत नाही, नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेत कोणी घेत नाही. यूपीआयच्या करारांच्या बातम्या आल्या आहेत म्हणून फक्त मोबाईल घेऊन निघू नका. पेट्रोल पंपावर सुद्धा कधीकधी कार्डाचं मशीन बंद असतं, म्हणून एक टाकी भरेल एवढी कॅश कायम वेगळी ठेवा.

सिम एमटीसी या तिथल्या मोबाईल कंपनीचं, विमानतळावरच पासपोर्ट दाखवून मिळतं. गावात छान रेंज, गाव सोडलं की शून्य. अख्ख्या देशाचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा आणि शिवाय कागदी नकाशा घ्या, हसू नका, आम्ही दोनदा वापरला.

प्लगची एक गंमत. आपल्या गीझरला असतो तो जाड तीन पिनांचा १५ अँपियरचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसतो. त्यामुळे महागडा अडॅप्टर न घेता आम्ही इथल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून जाड पिनांचा प्लग आणि एक एक्स्टेंशन बोर्ड जोडून नेला, चौघांचे मोबाईल एकदम चार्ज. वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, घरी फोन करताना ध्यानात ठेवा.

रस्ते, आणि आमचा टायर

रस्त्यांना अक्षरं आहेत. बी म्हणजे डांबरी, एकदम गुळगुळीत. सी म्हणजे बहुतेक खडीचे. डी म्हणजे खडीचे आणि थोडे जास्त वाईट. डांबरीवर वेगाची मर्यादा १२०, खडीवर कायद्याने १००, पण तुम्ही ८० च्या वर जाऊ नका, बरेच गाडीवाले करारातच ८० लिहितात. खडीवर गाडी सरळ जात असते तोवर सगळं सोपं वाटतं, वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर ती साबणावरून सरकल्यासारखी सरकते. ब्रेक हळू, स्टिअरिंग हळू. समोरून गाडी आली की धुळीचा लोट येतो, दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, तेव्हा आधीच वेग कमी करा आणि आपली बाजू धरून राहा.

टायरमधली हवा हा तिथला रोजचा विषय. आम्हाला सांगितलेलं ते असं: डांबरीवर २.२ बार, खडीवर १.८, मऊ वाळूत १.२. आपल्या पीएसआयमध्ये म्हणजे ३२, २६ आणि १७ च्या जवळपास. तुमच्या गाडीचा आकडा गाडी देणाऱ्यालाच विचारा, कारण वजनावर बदलतो, आणि वाळूतून बाहेर आलात की परत भरायला विसरू नका.

आता आमचा टायर. सॉलिटेअर नावाची वाळवंटातली छोटी वस्ती सोडून सी १४ रस्त्याने समुद्राकडे निघालो होतो, दुपारचे बारा, मी चालवत होते. मागून फटफट आवाज यायला लागला, मला वाटलं रेडिओ. भावजी म्हणाले, "वहिनी, हळूहळू बाजूला घ्या, एकदम ब्रेक मारू नका." मागचा डावा टायर बाजूने फाटला होता, बोट जाईल एवढा. आता क्रम लिहून ठेवा, कारण त्या उन्हात डोकं चालत नाही. गाडी सपाट आणि कडक जमिनीवर घ्या, हँडब्रेक लावा, बाकीच्या चाकांना दगडांची उटी लावा. गाडी उचलायच्या आधी नट अर्धा फेरा सैल करा, गाडी वर गेल्यावर करायला गेलात तर चाकच फिरतं. मग जॅक, आणि जॅकच्या खाली फळी, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच जमिनीत जातो. आमच्याकडे फळी नव्हती, भाजी चिरायचा लाकडी पाट घातला, त्यावर अजून जॅकचा गोल ठसा आहे. पोटाखालची स्टेपनी साखळीला टांगलेली असते, मागच्या बंपरमधल्या भोकातून दांडा घालून फिरवली की खाली येते, हे सुद्धा गाडी घेताना एकदा करून बघायचं. नट आवळताना समोरासमोरचे आवळा आणि वीस-तीस किलोमीटर गेल्यावर उतरून परत आवळा.

अख्खं काम पाऊण तासाचं. त्या पाऊण तासात तीन गाड्या गेल्या आणि तिन्ही थांबल्या, काच खाली करून "सगळं ठीक?" विचारून, पाणी हवंय का विचारून मगच गेल्या. तिथला रिवाजच आहे तो. तुम्हाला कोणी थांबलेलं दिसलं तर तुम्हीही थांबा. आणि एक टायर गेला की पुढच्या मोठ्या गावात तो आधी दुरुस्त करा किंवा नवा घ्या, मग जेवा.

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. हे सगळे सांगतात आणि आपण "बघू" म्हणतो. कुडू नावाचं हरीण आपल्या बैलाच्या तोडीचं असतं आणि दिव्याकडे बघून उडी मारतं. मे महिन्यात तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहा-साडेसहाला मावळतो, म्हणजे हातात अकरा तास. सकाळचा चहा आणि तंबू मिटणं यात दोन गेले. म्हणून दिवसाला ३०० ते ३५० किलोमीटरच्या वर ठेवू नका आणि मॅप जो वेळ दाखवेल त्यात दर चार तासांना एक तास वाढवा. पेट्रोल-डिझेल पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी भरा. सॉलिटेअर ते समुद्रावरचं वॉल्व्हिस बे सव्वादोनशे किलोमीटर आहे आणि मध्ये एकही पंप नाही. गाडीत माणशी पाच लिटर तरी पाणी कायम हवं.

रूट

बारा दिवसांत आम्ही केलेला गोल असा: विंडहुक, वाळूच्या डोंगरांजवळच्या सेसरीमला दोन रात्री, समुद्रावरच्या स्वाकोपमुंडला दोन, स्पिट्झकोपे एक, ट्वायफेलफाँटेन एक, एतोशा अभयारण्य तीन, ओचिवारोंगोजवळ एक, परत विंडहुक. अडीच हजार किलोमीटरच्या आसपास झाले. दक्षिणेतली फिश रिव्हर दरी आणि उत्तरेतल्या नद्या सोडून दिल्या. "आलोच आहोत तर तेही करू" हा आपला स्वभाव आवरा.

विंडहुकचा विमानतळ शहरापासून ४५ किलोमीटर लांब. शहरात एक रात्र पुरे, झोप आणि किराणा. सुपरमार्केट मोठी आणि भरलेली असतात, सगळं सामान इथेच भरा. बाटली घ्यायची असेल तर शनिवारी दुपारच्या आत, नंतर थेट सोमवार.

सेसरीमला जाताना मॅप तुम्हाला स्प्रीट्सहूख्ते घाटातून न्यायला बघेल. वरून दिसणारं दृश्य जबरदस्त आहे, पण उतार असा की आमचा कसारा त्यापुढे सपाट म्हणायचा. पहिल्याच दिवशी नवख्या हातांनी तिथे जाऊ नका, रेहोबोथवरून या.

वाळूचे डोंगर

सेसरीमचं एकच गुपित आहे, गेटच्या आत राहायचं. पार्कचं बाहेरचं गेट सूर्योदयाला उघडतं, पण आतल्या सरकारी कॅम्पवर राहिलेल्यांना आतलं गेट तासभर आधी उघडून देतात. हा कॅम्प नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्सचा, म्हणजे एनडब्ल्यूआरचा. आपल्या एमटीडीसीसारखं समजा, जागा पहिल्या नंबरची, सर्व्हिस नशिबाची. तरी बुकिंग सगळ्यात आधी याचंच करा.

गेटपासून ६० किलोमीटर डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना तांबूस वाळूचे डोंगर. ४५ व्या किलोमीटरला जो डोंगर लागतो त्याचं नावच ड्यून ४५. बहुतेक लोक तिथेच थांबून सूर्योदय बघतात. आम्ही थांबलो नाही, सरळ पुढे डेडफ्लेला गेलो आणि अर्धा तास तिथे फक्त आम्ही चौघं आणि दोन म्हातारी जर्मन माणसं. शेवटचे पाच किलोमीटर मऊ वाळू आहे. हवा १.२ करा, फोर व्हील लावा, आणि मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायच्या नादात वेग घालवायचा नाही. जमत नसेल तर डांबरी संपते तिथे गाडी लावा, पार्कची शटल नेते. त्यात कमीपणा काही नाही, आम्ही जाताना रुतलेल्या दोन गाड्या बघितल्या.

पार्किंगपासून डेडफ्ले किलोमीटरभर चालत. पांढऱ्या कडक मातीचं ताट, त्यात काळी वाळलेली झाडं, मागे नारिंगी डोंगर. काही शे वर्षांपूर्वी नदीची वाट वाळूने अडवली, झाडं मेली, आणि हवा इतकी कोरडी की ती कुजलीसुद्धा नाहीत, तशीच उभी आहेत. झाडांना हात लावू नका, टेकू नका. नऊनंतर गर्दी आणि ऊन दोन्ही वाढतं. दुपारी सेसरीमच्या दरीत उतरा, सावली मिळते. जुन्या काळी बैलगाडीवाले सहा चामडी पट्टे एकाला एक बांधून इथलं पाणी शेंदायचे, म्हणून नाव सेसरीम, सहा पट्टे.

समुद्र आणि दगड

स्वाकोपमुंडला पोचलात की एकदम थंडी. समोरच्या समुद्रात बेंग्वेलाचा थंड प्रवाह आहे, त्यामुळे सकाळभर धुकं आणि वाळवंट थेट पाण्याला टेकलेलं. गाव जर्मन दिसतं, कारण १८८४ ते १९१५ हा देश जर्मनीच्या ताब्यात होता. केक खाताना एवढं माहीत असावं की १९०४ ते १९०८ मध्ये याच राजवटीने हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचं राज्य, आणि स्वातंत्र्य थेट २१ मार्च १९९० ला.

इथे एक दिवस गाडीला विश्रांती द्या आणि कपडे धुवा. वॉल्व्हिस बे अर्ध्या तासावर, तिथल्या खाडीत फ्लेमिंगोंचे थवे फुकट बघायला मिळतात. केप क्रॉसला हजारो सील आहेत, पण वास असा की सुक्या बोंबलाच्या बाजारात वाढलेले आमचे मुरूडचे पाहुणेसुद्धा नाक धरतील.

स्पिट्झकोपेला वीज-पाण्याची अपेक्षा न ठेवता जा, कॅम्प गावकरीच चालवतात, दगडांच्या आडोशाला एकेक जागा. ट्वायफेलफाँटेनला दगडांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेले जिराफ, गेंडे, सिंह आहेत, २००७ पासून युनेस्कोच्या यादीत. कोकणातली कातळशिल्पं बघितली असतील तर मजा येईल, आपली आडव्या सड्यावर, ही उभ्या दगडांवर. सकाळी लवकर जा, गाइड तिथेच मिळतो. डिझेल युइस किंवा खोरिक्सासला.

एतोशा

२२ हजार चौरस किलोमीटरहून मोठं अभयारण्य आणि मध्ये मिठाचं पांढरं सपाट मैदान. आत स्वतःच्या गाडीने फिरता येतं, वेग ६०, आणि कुंपण घातलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही, फोटोसाठीही नाही. परमिट माणशी आणि गाडीचं, २४ तासांचं, बाहेर पडायच्या आधी पैसे भरून पावती दाखवावी लागते. गेट सूर्योदयाला उघडतं, सूर्यास्ताला बंद. उशीर झाला तर ऐकून घेणार नाहीत.

ओकाउक्वेयोला दोन रात्री आणि हलाली किंवा नामुतोनीला एक अशी विभागणी करा, लागोपाठच्या दोन कॅम्पमध्ये सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर अंतर आहे. प्राण्यांच्या मागे धावू नका. एक पाणवठा पकडा, इंजिन बंद करा, दीड तास बसा. पहिल्या दिवशी आम्ही नऊ पाणवठे केले आणि झेब्रे सोडून काही नाही, दुसऱ्या दिवशी एकाच ठिकाणी बसलो तर हत्ती, जिराफ, शेवटी सिंहिणी. रानम्हैस इथे नाहीच, त्यामुळे बिग फाइव्हची, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस यांची यादी घेऊन येऊ नका.

पण खरी मजा रात्रीची. ओकाउक्वेयोच्या कॅम्पला लागून पाणवठा आहे, त्यावर रात्रभर पिवळा दिवा असतो, अलीकडे दगडी भिंत आणि बाकडी. साडेनऊच्या सुमाराला काळोखातून एक काळा गेंडा आला, मागे पिल्लू. पाण्याला तोंड लावायच्या आधी ती बराच वेळ नुसती उभी राहिली, कान वेगवेगळ्या दिशांना फिरत होते. इतकी शांतता की तिचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात जाऊबाईंनी चिवड्याची पिशवी उघडली. पन्नास-साठ माणसांनी एकदम वळून बघितलं, गेंड्याने पण. सुका खाऊ डब्यात न्या, प्लास्टिकमध्ये नको.

एतोशातून निघताना गेटवर कच्चं मांस आहे का बघतात. गुरांच्या रोगांसाठी देशाचा उत्तर भाग दक्षिणेपासून वेगळा करणारं कुंपण आहे, कच्चं मांस खाली दक्षिणेकडे नेता येत नाही. त्यामुळे मटण आणलं असेल तर आतच संपवा.

परतीच्या वाटेवर ओचिवारोंगोपासून पाऊण तासावर चित्त्यांचं संवर्धन केंद्र आहे, चीता कन्झर्व्हेशन फंडाचं. १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोला आठ चित्ते आले ते नामिबियाहूनच. भारतातून आलोय म्हटल्यावर तिथली मुलगी त्यांची खबर विचारायला लागली आणि आम्हाला धड सांगता येईना, तेव्हा जाताना वाचून जा.

खाणं आणि जपणं

मांस खाणाऱ्यांची चंगळ आहे. विंडहुकच्या काटुटुरा भागातल्या बाजारात कपाना म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले गोमांसाचे तुकडे, मिठा-तिखटात बुडवून उभ्याउभ्या खातात. गोमांस चालत नसेल तर आधी विचारून घ्या. शाकाहाऱ्यांनी मात्र स्वतःच्या भरवशावर जावं. "व्हेज" म्हटलं की चिकन पुढे येऊ शकतं. आमचे दीर-जाऊ शाकाहारी, बाराच्या बारा दिवस कॅम्पवर खिचडी, पिठलं, पोहे, थालीपीठ. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, छोटा कुकर इथून नेला, डाळ-तांदूळ-बटाटे-कांदे तिथे मस्त मिळतात. जे न्याल ते सीलबंद न्या, लोणच्याच्या घरगुती बरण्या विमानतळावर उघडून बघतात. सॉलिटेअरला ॲपल पाय प्रसिद्ध आहे, तो खा, टायर फाटायच्या आधी.

माणसं शांत आणि सभ्य. काही विचारायचं असलं तरी आधी "गुड मॉर्निंग, हाऊ आर यू" म्हणायचं, उत्तर ऐकायचं, मग प्रश्न. थेट "टॉयलेट कुठंय" विचारलं तर चेहरा पडतो. सरकारी भाषा इंग्रजीच आहे. गावात मात्र भुरट्या चोऱ्या होतात, विंडहुकमध्ये जास्त. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका. रिमोटने लॉक केल्यावर दांडी ओढून बघा, कारण सिग्नल अडवून गाडी उघडी ठेवायची युक्ती तिथे चालते. पार्किंगला जॅकेट घातलेला राखणदार असतो, जाताना त्याला पाच-दहा नामिबियन डॉलर द्या. एटीएमवर कोणी मदत करायला आलं तर कार्ड काढून चालू पडा.

गाडी परत करायच्या दिवशी विमान दुपारनंतरचं ठेवा. गाडी धुऊन द्यावी लागते का आधी विचारा. आणि खिशातले नामिबियन डॉलर विमानतळावर नेऊ नका, बाहेर कुठे बदलून मिळत नाहीत. आम्ही शेवटची टाकी भरताना सगळ्या नोटा आणि नाणी काउंटरवर ओतली, पोरगं शांतपणे मोजत बसलं, मोजून झाल्यावर म्हणालं चार डॉलर कमी आहेत. ते जाऊबाईंच्या पर्सच्या तळाशी निघाले, चिवड्यात.